पाच दाण्यांची पोच

१

खोकं उघडलं तेव्हा बरणी फुटल्याचा आवाज झाला नाही, कारण ती आधीच फुटलेली होती. पेंढ्याच्या घरट्यात पांढरे तुकडे नीट एका जागी बसले होते, आणि समोर लॅपटॉपच्या पडद्यावर बंगळुरूचे खरेदीदार चष्मा सावरून ते पाहत होते.  पेंढा भरणाऱ्या शांताबाई भोईर मागे उभ्या होत्या.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत सोनल प्रधानचा तो गाळा. चिनीमातीच्या बरण्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी गळ्याच्या, ती गावोगाव पाठवायची. आता बंगळुरूच्या एका मोठ्या दुकानानं वर्षभराचं काम देऊ केलं होतं, पण अट अशी की बरण्या कशात बांधून पाठवणार ते आधी दाखवा. बोलून काय, सगळेच आपला माल सोन्याचा म्हणतात. म्हणून चार खोकी बांधली. पहिल्यात थर्माकोल, दुसऱ्यात बबल रॅप, तिसऱ्यात जाळीचा कागद, म्हणजे ओढला की बारीक बारीक घरं उघडतात तो, आणि चौथ्यात साधा भाताचा पेंढा. प्रत्येकात एकाच भट्टीतली एकेक रिकामी बरणी. कुरियरनं बंगळुरूपर्यंत जायचं, तिथून न उघडता परत यायचं आणि शनिवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर उघडायचं. दुकानाला प्लास्टिक नको होतं. थर्माकोल आणि बबल रॅप तुलनेपुरते, खरी लढत कागदाची आणि पेंढ्याची.

पहिल्या दोन बरण्या शाबूत निघाल्या. तिसऱ्या खोक्याचा एक कोपरा पार चेपला होता, पण आतली बरणी ठणठणीत. खरेदीदारांनी पडद्यावरूनच टाळ्या वाजवल्या. मग चौथं खोकं उघडलं.

शांताबाई चौदा वर्षं या गाळ्यात माल बांधत होत्या. शिळफाट्याकडच्या गावातून त्या आणि त्यांच्यासोबतच्या आठ बायका रोज यायच्या. सोनलचे वडील होते तेव्हा म्हणायचे की शांताबाईंनी बांधलेलं खोकं जिन्यावरून लोटलं तरी आतलं मूल जागं होणार नाही. पेंढा आता गेला म्हणजे त्या नऊ जणींचं काम गेलं, हे सगळ्यांना न सांगता कळलं. शांताबाईंनी तुकड्यांकडे पाहिलं, मग तिसऱ्या खोक्यातून निघालेल्या, झाकण काढून ठेवलेल्या बरणीत जरा जास्तच वेळ पाहिलं, डबा उचलला आणि त्या निघून गेल्या.

खरेदीदारांनी सोमवारी संध्याकाळपर्यंत अंतिम उत्तर मागितलं. सोनल घरी ठाण्याला गेली, जेवायला बसली आणि घास हातातच राहिला. ज्या खोक्याचा कोपरा चेपला त्यातली बरणी धड, आणि ज्याला बाहेरून ओरखडासुद्धा नाही त्यातली फुटलेली. तिनं ताट तसंच सारलं आणि वडिलांच्या ओळखीच्या गमरेकाकांना फोन लावला.

२

रत्नदीप गमरे दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. त्याआधी बत्तीस वर्षं एका विमा कंपनीसाठी त्यांनी वाटेत मोडलेला माल तपासला: फुटलेल्या काचा, भिजलेली साखर, चेपलेले पंखे. फुटकं काही दिसलं की लोक हळहळतात आणि आमचे हे खूश होतात, असं त्यांच्या पत्नी शालन म्हणायच्या, आणि त्यात अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या खिशात एक वही असायची. तिच्या पानावर तीन रकाने: काय निघालं, काय पोचलं, नुकसान किती. निवृत्तीनंतरही ही वही सुटली नव्हती, फक्त तीत आता दुधाच्या पिशव्या आणि नातवाचे गृहपाठ यायचे.

रविवारी सकाळी कोपरहून ते रिक्षानं मानपाड्याला आले. सोनलनं चारही खोकी जशीच्या तशी ठेवली होती. बरण्या मात्र खरेदीदारांना आतून दाखवायला झाकणं काढून फडताळावर मांडल्या होत्या, त्या कालपासून तशाच उघड्या. गाळ्याचा कारभार पाहणारा सूरज म्हात्रे मदतीला थांबला होता. तिशीचा, कामसू, हाताखालच्या माणसांशी नीट वागणारा मुलगा. शांताबाईंच्याच गावचा, त्यांना काकी म्हणणारा.

गमऱ्यांनी आधी जमिनीवर पांढरी चादर अंथरायला सांगितली आणि चौथ्या खोक्यातला सगळा पेंढा तिच्यावर झटकला. धूळ पडली, तूस पडलं, काड्यांचा भुगा पडला. चिनीमातीचा एक कणही पडला नाही. गमरे गुडघ्यावर हात टेकून बराच वेळ चादरीकडे पाहत राहिले.

सोनलनं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, चिनीमाती फुटते तेव्हा मोठे तुकडे पडतात आणि त्यांच्याबरोबर मिठासारखा बारीक चुरा पडतो. चार दिवस गाडीत हादरे खाल्ले तर तो चुरा खाली झिरपायलाच हवा. इथे नाही. मग त्यांनी तुकडे घेऊन बरणी जुळवायला घेतली. मुलं कोडं जुळवतात तसे ते तासभर बसले. बरणी जुळली, पण बुडाजवळ एक तिकोनी टवका कमी पडला, साधारण नखाएवढा. तो पेंढ्यात नव्हता, खोक्यात नव्हता, चादरीवर नव्हता.

"ही बरणी या पेंढ्यात फुटलेलीच नाही," गमरे म्हणाले. "फुटली दुसरीकडे. इथे आणून ठेवली."

सोनल जुळवलेल्या बरणीवर वाकली. सूरज चादर घडी करायला लागला.

गमऱ्यांनी मग उरलेल्या तीन बरण्या एकेक करून तपासल्या. टिचकी मारून पाहिली, उलट्या करून पाहिल्या. तिसऱ्या खोक्यातली बरणी उलटी केली तेव्हा त्यांच्या तळहातावर तांदळाचे पाच दाणे पडले. सूरज पटकन म्हणाला की पेंढ्यातनं उडतात साहेब, या गाळ्यात माझ्या चहातसुद्धा पडतात. गमऱ्यांनाही ते पटलं. तरी जुन्या सवयीनं त्यांनी दाणे कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकले. मग त्यांनी भिंतीवर चिकटवलेला चाचणीच्या नियमांचा कागद वाचला. बरणी पूर्ण रिकामी असावी, आत काहीही घालू नये, नियम मोडल्यास ते खोकं बाद. खाली चार सह्या होत्या, शेवटची शांताबाईंची, सावकाश काढलेल्या अक्षरांत.

३

खोकी शुक्रवारी दुपारी साडेचारला परत आली. शांताबाई आणि बायका चारलाच गेल्या होत्या, सोनल ठाण्यात होती. त्या संध्याकाळी गाळ्यात पाय ठेवला तो तिघांनीच.

पहिला संदेश नावाचा, थर्माकोल आणि बबल रॅप पुरवणारा. त्याला गमऱ्यांनी फोनवर गाठला. त्याचं बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच त्याचं काहीतरी देणं लागतो असं वाटावं. तो शुक्रवारी पाचला रोल उतरवायला आला होता. सूरज पंधरा मिनिटं चहाला गेला तेव्हा तो गाळ्यात एकटा होता, हे त्यानं स्वतःहूनच सांगितलं. साडेपाचला निघून गेला. "काका, मला खोकी फोडायची असती तर दोन्ही फोडली असती ना," तो म्हणाला. "कागदवाली सोडून पेंढावाली कशाला? दोघं पण माझ्या पोटावर पाय देणारेच." हे बोलणं निर्लज्ज होतं पण बिनचूक होतं, आणि गमऱ्यांनी ते मनात बाजूला काढून ठेवलं.

दुसरी समीक्षा नावाची मुलगी. कळव्याची, शिक्षण संपवून सहा महिन्यांपूर्वीच लागलेली. जाळीचा कागद ही तिची कल्पना. तो पास झाला तर तिची नोकरी कायम होणार होती. ती दुपारी आली ती रडवेली होऊनच. बरणी इकडची तिकडे झाली असेल तर ज्याची धड निघाली त्याच्यावरच बोट जाणार, एवढं तिला समजत होतं.

तिनं सांगितलं की खोकी पाठवायच्या दिवशी ती भावाच्या साखरपुड्याला होती. कागद कसा गुंडाळायचा ते सूरजदादाला दाखवलेलं, दोन थर, आणि त्यानंच बांधलं. शुक्रवारी मात्र ती सहाला आली, खरेदीदारांसाठी व्हिडिओ काढायला. सुरुवात बाहेरच्या पाटीपासून केली आणि न थांबता आत आली, कारण मधे तोडलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवलं. आली तेव्हा सूरज मागच्या नळावरून ओल्या हातांनी बाहेर येत होता. पाच मिनिटांत काम आटोपून ती गेली.

गमऱ्यांनी तो व्हिडिओ आपल्या फोनवर घेतला. मग तिसऱ्या खोक्याच्या झाकणावर बोट फिरवलं. पहिली दोन खोकी खाकी टेपनं बंद होती, चौथं सुतळीनं बांधलेलं. तिसऱ्याला कागदी पट्टी होती, पाणी लावून चिकटवायची. शनिवारी ती कटरनं कापली होती, पण कापलेल्या कडेला दोन पट्ट्या एकावर एक दिसत होत्या.

"तू पट्टी किती वेळा लावायला सांगितलीस?"

"एकदाच. एकदा लागली की निघतच नाही ती."

तिसरा सूरज. तो म्हणाला की आपण साडेचारपासून सातला शटर पाडेपर्यंत इथेच होतो, चहाची पंधरा मिनिटं सोडून, आणि काही पाहिलं नाही. पट्टीचं विचारलं तर म्हणाला, पाठवताना सैल वाटली म्हणून वर दुसरी मारली असेल, आठवत नाही. सगळी उत्तरं सरळ. गमऱ्यांना मात्र त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खटकली. शांताकाकीचं पुढे काय, हे त्यानं दिवसभरात एकदाही विचारलं नाही.

४

शांताबाईंकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून गमऱ्यांनी नाक्यावर डझनभर केळी घेतली आणि कापडी पिशवीतून नेली. घर साधं, अंगण सारवलेलं, मागे पेंढ्याची उडवी. शांताबाईंनी चहा केला आणि समोर भुईवर बसल्या. साठीची बाई, हात दोरासारखे पिळदार.

गमऱ्यांनी सांगितलं की बरणी तुमच्या पेंढ्यात फुटली नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. त्यांना वाटलं होतं की बाईंचा चेहरा खुलेल. तो खुलला नाही. उलट त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं.

"तुमची बरणी अदलाबदल होऊन दुसऱ्या खोक्यात गेली असणार. तुम्हाला ती ओळखता येईल का? काही खूण?"

"सगल्या बरन्या सारख्याच, साएब."

"मग काल, सोनल म्हणाली, तुम्ही तिसऱ्या बरणीकडे एवढं का पाहत होतात?"

बाईंनी कपबशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाल्या, "मना काय बोलाचा नाय. मी बोलली तं बाकीच्या बायांचा पन नाव खराब होल. आथा निदान माझीच चूक हाय."

गमऱ्यांनी नाना परीनं विचारलं. बत्तीस वर्षं त्यांनी ट्रक ड्रायव्हरांपासून कारखानदारांपर्यंत सगळ्यांना बोलतं केलं होतं, पण या बाईपुढे त्यांची डाळ शिजली नाही. एवढं मात्र त्यांना कळलं की बाई काहीतरी लपवते आहे आणि लपवताना तिला त्रास होतो आहे. लबाड माणसाला लपवताना त्रास होत नाही. आपण हिची बाजू घेऊन आलो आणि हिनंच काही गैर केलं असेल तर, हा विचार त्यांना आवडला नाही, पण तो आला.

निघताना शांताबाई आत गेल्या आणि केळ्यांची पिशवी परत घेऊन आल्या. गमऱ्यांनी ती न पाहताच काखेत मारली.

५

"केळी देऊन आलात आणि वालाच्या शेंगा घेऊन आलात," शालन पिशवी ओतत म्हणाल्या. "चांगल्या कोवळ्या आहेत."

गमरे चकित झाले. त्यांनी शेंगा मागितल्या नव्हत्या, बाईंनीही सांगितलं नव्हतं. शालनना त्यात काहीच नवल वाटलं नाही. वळणाची बाई आहे, त्या म्हणाल्या. काम गेलंय, जीव थाऱ्यावर नाही, तरी पिशवी रिकामी परत केली नाही. आपल्याकडे नाही का, शेजारणीची वाटी परत देताना चिमूटभर साखर तरी घालतो. भांडं रिकामं घराबाहेर पाठवायचं नाही.

गमरे वाल सोलायला बसले होते. एक शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. भांडं रिकामं पाठवायचं नाही. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि शालनपुढे उघडली.

"हे काय आहे?"

"तांदूळ."

"पेंढ्यातून उडून पडले असतील का?"

शालननी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी हा माणूस तसाच राहिला. "अहो, पेंढ्यात सापडेल तो तुसासकट, पिवळा, टोकदार. हा गिरणीतून पांढरा होऊन आलाय. हा डब्यातला तांदूळ आहे, कुणीतरी मुठीतून घातलेला."

दिवसभर जे समोर होतं ते आता गमऱ्यांना दिसलं, आणि स्वतःचा थोडा रागही आला. बत्तीस वर्षं त्यांनी माल पाहिला होता, माल बांधणारे हात पाहिले नव्हते. नियमाच्या कागदावर लिहिलं होतं की बरणी पूर्ण रिकामी असावी, आत काही निघालं तर खोकं बाद. शांताबाईंनी खाली सही केली होती, आणि तरी बरणी पाठवताना त्यांचा हात घरच्या सवयीनं तांदळाकडे गेला होता. म्हणून त्या गप्प होत्या. आपली बरणी कोणती हे सांगायचं तर आपण नियम मोडला हेही सांगायला हवं.

त्यांनी फोन काढला आणि समीक्षाचा व्हिडिओ पुन्हा लावला. पाटी, शटर, दार, मग टेबलावर मांडलेली चार खोकी. तिसऱ्या खोक्यावर त्यांनी चित्र थांबवलं आणि शालनकडे चष्मा मागितला. वरची कागदी पट्टी मधोमध गडद दिसत होती आणि कडेला फिकट.

"ओली आहे," शालन म्हणाल्या.

जानेवारीची कोरडी हवा. असली पट्टी दहा मिनिटांत वाळते. गमऱ्यांनी वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही. ज्याचं नाव लिहायचं होतं तो मुलगा त्यांना आवडला होता.

६

सोमवारी सकाळी गाळ्यात पाच जण होते: सोनल, समीक्षा, सूरज, गमरे आणि सोनलनं स्वतः गाडी नेऊन आणलेल्या शांताबाई. गमऱ्यांनी आधी तिसऱ्या खोक्यातला जाळीचा कागद मागितला. तो खोक्यातच चोळामोळा होऊन पडला होता. त्यांनी तो दिव्यासमोर धरून सावकाश ताणला. घरं उघडत गेली आणि त्यांतून पांढरा चुरा भुरभुरला. पाठोपाठ टेबलावर नखाएवढा तिकोनी टवका पडला. बुडाजवळच्या भोकात तो अचूक बसला.

"फुटली ती कागदातली बरणी," गमरे म्हणाले. "पेंढ्यातली धड आली होती. कुणीतरी दोन्ही बदलल्या."

समीक्षा उठून उभी राहिली. गमऱ्यांनी तिला बसायला सांगितलं आणि पुढचं सगळं शांतपणे, कुणाकडेही न पाहता सांगितलं. बरण्या बदलणाऱ्याला तिसरं खोकं कापावं लागलं आणि वरून नवी पट्टी लावावी लागली. ती पट्टी सहा वाजता ओली होती. संदेश साडेपाचला गेला, त्यानं लावली असती तर वाळली असती. शिवाय त्याला कागदाला वाचवायचं काय पडलंय, त्यानं तर दोन्ही फोडल्या असत्या. समीक्षा सहाला आली ती व्हिडिओ चालू ठेवूनच, आणि पट्टी ती आत शिरली तेव्हाच ओली होती. उरला एकच माणूस, जो नळावरून ओल्या हातांनी बाहेर आला.

सूरजनं नाकारलं नाही. एवढं सगळं ऐकून झाल्यावर तो जणू दमून गेला होता. कागदाचा रोल त्या दिवशी संपत आला होता, तो म्हणाला. नवा मागवायचं त्याच्याच ध्यानातून गेलेलं. दोन थरांऐवजी एकच गुंडाळला, कोण बघतंय म्हणून. शुक्रवारी चेपलेला कोपरा पाहिला. उघडून पाहिलं तर चुराडा. समीक्षाला कळलं असतं, सोनलताईला कळलं असतं की कारभाऱ्यानं कामचुकारपणा केला. आणि बाजूला काकीचं खोकं होतं, नुसतं सुतळीनं बांधलेलं.

"वाटलं काकीला कोण काय बोलणार नाय," तो म्हणाला. "चौदा वर्षांत एक फुटली तर फुटली. नऊ जणींचं काम जाईल ते डोक्यातच नाय आलं. आलं तेव्हा उशीर झालेला."

सोनलला संताप आला आणि तिनं तो लपवला नाही. तुझ्या एका थरासाठी तू या बाईची चौदा वर्षं पुसून टाकायला निघालास, ती म्हणाली. मग तिनं शांताबाईंना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना, मग बोलला का नाहीत.

शांताबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "सही केलेली ना मीनी. तरी तांदूल घातलं. रिकामी बरनी कोनाला देवाची नाय, आयशीनी शिकवलंय मना. हातच ऐकला नाय."

सोनल त्या कागदापाशी गेली. मग तिनं तो भिंतीवरून काढला आणि घडी करून टेबलाच्या खणात टाकला.

गमऱ्यांचा एक प्रश्न मात्र अजून उरला होता. रात्रभर तो त्यांना टोचत होता. त्यांनी सूरजला विचारलं, "बरणी पेंढ्यातून काढलीस तेव्हा दाणे वाजले असतील."

"वाजले."

"मग ओतून का नाही टाकलेस? ते नसते तर शांताबाईंची बरणी कोणती, हे मला कधीच उमगलं नसतं."

सूरजनं फडताळावरच्या बरणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "उलटी केली मी. हात खाली धरला. पण साहेब, कुणी घालून दिलेलं असं ओतून नाय टाकत ना. आमच्या घरी पण नाय टाकत. झाकण लावलं आणि ठेवून दिली."

शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता तसं दुःखही होतं.

"म्हंजे आयशीनी तुला पन शिकवलंय," त्या म्हणाल्या. "पाच दानं टाकवलं नाय तुझ्यानी. आनि मना टाकलंस."

सूरज तिथून उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. कुणी त्याला थांबवलं नाही.

दुपारी सोनलनं बंगळुरूला खरं तेच लिहिलं. पेंढ्यातली बरणी शाबूत आली आहे, तीत तांदळाचे पाच दाणे होते, कागदाची चाचणी आमच्याच चुकीनं नीट झाली नाही, ती पुन्हा घेऊ. पुन्हा घ्यायचं शांताबाईंनीच सुचवलं होतं. पोरीचा कागद दोन थरांनी जाऊ दे, तिची बरणी पण धड येऊ दे, मग काय ते ठरवा, त्या म्हणाल्या. समीक्षानं त्यांच्या हातातली सुतळी घेतली आणि गाठ कशी मारायची ते विचारलं. सूरजचं काय करायचं हे सोनलनं ठरवलं नव्हतं. आज घरी जा, उद्याचं उद्या, एवढंच ती त्याला म्हणाली होती, पण तो अजून गेला नव्हता.

गमऱ्यांनी खिशातून पुडी काढून शांताबाईंना दिली. त्यांनी ती उघडून दाणे बोटानं मोजले, तिसऱ्या बरणीत परत घातले आणि झाकण लावलं.

परतीच्या रिक्षाची वाट पाहत गमरे दारात उभे राहिले आणि त्यांनी वही उघडली. काय निघालं: तांदळाचे दाणे, पाच. काय पोचलं: पाच. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. समोर पायरीवर सूरज खाली मान घालून बसला होता. शांताबाई डबा घेऊन बाहेर आल्या, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या आणि डबा उघडला. मग त्यांनी अर्धी भाकरी मोडली आणि त्याच्याकडे न बघता झाकणात ठेवली. झाकण दोघांच्या मधे होतं, त्यानं अजून हात लावला नव्हता.

रिक्षा आली. गमऱ्यांनी तिसरा रकाना कोरा ठेवला आणि वही मिटली.